गायतोंडे यांच्या चित्रात बघायचं काय?

प्रश्न असा आहे: ‘वासुदेव गायतोंडे यांची चित्रं मोबाइलवर आणि एका कॅटलॉगमध्ये पाहिली. जवळजवळ एकाच रंगाचा पट, मध्ये काही डाग, काही खुणा. लोक ध्यान, झेन, मौन असं काय काय बोलतात. मला त्यातलं काहीच जाणवलं नाही. मग या चित्रांत नेमकं बघायचं काय? ती काढली कशी? आणि एवढ्या मोठ्या चित्रकाराने इतकी कमी चित्रं का काढली?’

मी तैलरंगात काम करतो, अमूर्तच (म्हणजे ओळखीची आकृती नसलेलं) काढतो आणि बरीच वर्षं विद्यार्थ्यांना साहित्य आणि तंत्र शिकवत आलो आहे. त्यामुळे माझं उत्तर रंगाच्या बाजूने असेल. अध्यात्माच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच तुमच्यासारखे प्रेक्षक बिचकतात. चित्रासमोर उभं राहून काही ‘लागलं’ नाही की आपल्यातच खोट आहे असं वाटायला लागतं. तशी काही खोट नाही. गायतोंडे हे आधी कमालीचे कसबी रंगारी होते, मग बाकी सगळं. ते कसब दिसायला लागलं की चित्र बोलायला लागतं.

मोबाइलवर काही दिसलं नाही याचं कारण तर अगदी साधं आहे. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅनव्हासांचं माप ७० बाय ४० इंच. म्हणजे उंची जवळपास सहा फूट, रुंदी सव्वातीन फुटांहून थोडी जास्त. त्या पृष्ठभागावर एके ठिकाणी रंग तकतकीत असतो, शेजारी मंद असतो. कुठे तो कॅनव्हासच्या विणीत मुरलेला असतो, कुठे वर जाडसर बसलेला असतो. कॅमेरा या सगळ्याची सरासरी काढतो आणि तुमच्या हातात एक पिवळा किंवा करडा आयत ठेवतो. हुसेन यांचा घोडा छापील कागदावरही घोडाच राहतो. गायतोंडे यांच्या चित्राला मात्र ती सोय नाही. छपाईत त्यांचं जितकं नुकसान होतं तितकं आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या चित्रकाराचं होत असेल असं मला वाटत नाही.

आता माणूस. जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूरचा. कुटुंब मूळचं गोव्याचं, वाढ गिरगावातल्या चाळीत. जेजे स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वळणाच्या कलावंतांचा गट काढला होता. गायतोंडे त्यात मागाहून, १९५०च्या आसपास आले. ग्रुपचं नाव त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं, पण स्वभाव त्या मंडळींचा नव्हता. सूझा जाहीरनामे लिहिणारे, हुसेन रस्त्यावर, मैफलीत, वर्तमानपत्रात सगळीकडे. गायतोंडे या कुठल्याच गोंगाटात नव्हते.

सुरुवातीची चित्रं आकृत्यांची आहेत आणि ती वगळून पुढे जाऊ नका, कारण पुढच्या सगळ्याचं बीज त्यांत आहे. त्या काळी जेजेत शिकवणाऱ्या जगन्नाथ अहिवासी यांच्यामुळे भारतीय लघुचित्रांकडे गांभीर्याने बघण्याची शिस्त होती. जैन पोथ्या, पहाडी लघुचित्रांतली बसोली शैली, सपाट रंगाचे तुकडे आणि त्यांना बांधणारी रेषा. गायतोंडे यांच्या पन्नासच्या दशकातल्या बायका, पक्षी, घरं या घराण्यातली आहेत. जोडीला पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची ओढ होती. लघुचित्रात छायाप्रकाश नसतो. खोली दाखवायची तर ती फक्त दोन रंगांच्या शेजारपणातून. गेरूला लागून पिवळा ठेवला की पिवळा पुढे येतो, त्याच पिवळ्याला पांढऱ्याशेजारी ठेवला की तो मागे सरतो. हे एकदा हाताला कळलं की बाई आणि पक्षी काढून टाकले तरी चालतं, शेजारपण उरतं. मला तरी त्यांचा अमूर्ताकडे झालेला प्रवास असाच दिसतो: आकृतीचा कंटाळा येऊन नव्हे, तर आकृतीची गरज संपून.

१९५७ साली टोकियोत आशियाई तरुण चित्रकारांचं प्रदर्शन झालं, त्यात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. त्या सुमारापासून आकृत्या मावळत गेल्या. हा काळ वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमधला. आज त्या वास्तूची फक्त आठवण उरली आहे, पण तेव्हा तिथे एका छपराखाली रविशंकर यांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा होती, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या तालमी होत्या, हुसेन यांचा स्टुडिओ होता आणि गायतोंडेही तिथेच काम करत. चित्रकार प्रफुल्ला डहाणूकर (तेव्हाच्या जोशी) यांच्याबरोबर त्यांचा स्टुडिओ सामायिक होता. खिडकीबाहेर समुद्र. त्या वर्षांतल्या आडव्या कॅनव्हासांत क्षितिजासारखी एक पट्टी दिसते, वर धूसर, खाली जड, आणि सगळे म्हणतात समुद्र. दिसू दे की समुद्र, हरकत नाही. पण समुद्र ओळखला म्हणजे चित्र कळलं असं समजून पुढच्या चित्राकडे निघू नका. त्या पट्टीपाशी रंग सुरीने कसा ओढलाय, ओढताना खालचा हिरवा किती उघडा पडलाय, ते बघा. चित्र तिथे सुरू होतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गायतोंडे यांची मुख्य हत्यारं दोन, रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग ओढायची-खरवडायची सुरी. ब्रश अगदीच नाही असं नव्हे, पण ब्रशची खूण जवळपास सापडत नाही. ब्रशने काढलं की हात दिसतो: वळण, वेग, आवेश, सगळं रंगात उमटतं. रोलर हे सगळं पुसून टाकतो. तो रंग दाबतो, पसरवतो, आणि महत्त्वाचं म्हणजे उचलतोही. ओल्या रंगावरून कोरडा रोलर फिरवला तर जितका रंग खाली राहतो तितकाच रोलरला चिकटून वर येतो. लोकांना वाटतं चित्र म्हणजे रंग लावणं. या चित्रांत निम्मं काम रंग काढण्याचं आहे. एक पातळ थर द्यायचा, थोडा वाळू द्यायचा, दुसऱ्या रंगाचा थर रोलरने फिरवायचा, मग सुरीने काही जागी खरवडून पहिला थर पुन्हा उघडा करायचा. पुन्हा थर, पुन्हा खरवड. शेवटी जो ‘एकच रंग’ तुम्हाला दिसतो तो चार-पाच रंगांच्या एकमेकांवर झिरपण्यातून आलेला असतो. नुसत्या ट्यूबमधल्या पिवळ्याने तसा पिवळा होत नाही. खाली तांबूस आहे, मध्ये करडा आहे आणि वरचा पिवळा इतका पातळ आहे की उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आदळतो आणि रंग घेऊन परत येतो. ‘चित्र आतून उजळतं’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. ते खरोखरच आतून उजळतं, त्यात गूढ काही नाही.

मग त्या मधल्या खुणा. लिपीसारख्या, पण वाचता न येणाऱ्या. कुणी त्यांना मंत्र म्हणतं, कुणी चित्रलिपी. त्यातल्या बऱ्याच खुणा कागदाच्या फाटक्या कपट्यांनी आल्या आहेत. वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा कागद हाताने फाडायचा, त्याला रंग लावून किंवा ओल्या रंगावर तसाच ठेवायचा, वरून दाब द्यायचा आणि उचलायचा. जवळ जाऊन बघितलंत तर अशा खुणेची एक कड धारदार असते, जिथे कागद सरळ फाटला. दुसरी कड केसाळ असते, जिथे तंतू ओढले गेले. आणि मधल्या भागात बारीक जाळी पडलेली असते, पिंपळपानाच्या शिरांसारखी. कागद वर उचलताना ओला रंग दोन्हीकडे ओढला जातो, त्या ओढाताणीची ती जाळी. ती कुठल्याही हाताला काढता येत नाही. काढायला गेलं की लगेच नक्षी होते. गायतोंडे यांनी स्वतःचं हस्ताक्षर बाजूला ठेवून कागदाला लिहू दिलं. पण कुठे लिहायचं ते पक्कं त्यांचं. खुणा सहसा आडव्या ओळीत, मध्याच्या जरा वर किंवा खाली, आणि चौकटीच्या कडांपासून राखलेलं अंतर असं की एक जरी खूण बोटभर सरकवली तरी तोल जाईल. हवं तर कॅटलॉगमधल्या चित्रावर अंगठा ठेवून एक खूण झाका आणि काय होतं ते बघा.

हे सगळं ऐकून सोपं वाटत असेल तर करून बघा. मी विद्यार्थ्यांना हा सराव देतो. एक कॅनव्हास बोर्ड घ्या, फार मोठा नको. त्यावर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने पुसून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. तो वाळला की वर झिंक व्हाइट हा पांढरा आणि जरासा अंबर हा मातकट तपकिरी मिसळून छोट्या रबरी रोलरने एक हात फिरवा. आता गंमत सुरू होते. लगेच रोलर फिरवला तर दोन रंग मिसळून चिखल होतो. रात्रभर थांबून फिरवला तर वरचा रंग चिकट झालेला असतो, रोलर त्याचे ठिपके उचलतो आणि खालचा तांबडा डोकावतो. आठवडाभर थांबलात तर काहीच उचललं जात नाही, फक्त वर आणखी एक थर बसतो. ओला, चिकट, कोरडा: रंगाच्या या तीन अवस्था आणि प्रत्येकीत तोच रोलर वेगळी भाषा बोलतो. चिकट अवस्था सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत कमी टिकणारी. ती कधी येईल हे घड्याळ सांगत नाही, बोटाला कळतं.

याचं कारण तेलात आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यात प्रत्येक रंगद्रव्याची चाल निराळी. अंबरमध्ये मँगेनीज असतं, त्याने तेल भराभर वाळतं, दोन दिवसांत हाताला लागत नाही. आयव्हरी ब्लॅक, झिंक व्हाइट, कॅडमियमचे लाल-पिवळे मात्र रेंगाळतात, आठवडा सहज घेतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे एकाच कॅनव्हासवर अंबरचा भाग कोरडा ठणठणीत आणि शेजारचा काळा अजून ओला, अशी स्थिती असते आणि दोन्हींवरून रोलर एकदमच जाणार. शिवाय वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडलं की पुढे तडे जातात. गायतोंडे यांच्या चित्रांत कुठला रंग कुठल्यावर कधी बसवला हे बघताना मला चित्रकारापेक्षा एखाद्या निष्णात धातुकाराची शिस्त आठवते. दिसायला सगळं तरंगतं, आत सगळं हिशोबात.

यात तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. ते वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करत, असं त्यांना जवळून ओळखणारे सांगत आले आहेत. थर वाळण्याची वाट बघण्यात दिवस जातात हे उघडच आहे. पण नुसत्या वाळण्याला दोन-दोन महिने लागत नाहीत. उरलेला वेळ बघण्यात जायचा. चित्रकलेत सगळ्यांत महत्त्वाचं काय, तर एका कामानंतर दुसऱ्या कामापर्यंत थांबणं, असं ते मुलाखतीत सांगत. एका चित्रातून पुढच्याचं बीज निघतं, ही त्यांची धारणा होती. बी रुजायला वेळ लागतो हे कुणालाही पटेल, पण महिन्याला चार कॅनव्हास उरकून गॅलरीत पोचवणाऱ्या धंद्यात तसं वागायला हिंमत लागते. पैशाची ददात असताना तर फारच. चित्रं कमी काढली म्हणून ते थोर, असा उलटा हिशोब मात्र मांडू नका. मंदपणाला खोली समजणारे चित्रकारही मी भरपूर पाहिले आहेत. गायतोंडे यांचं थांबणं पृष्ठभागावर दिसतं, म्हणून त्याला अर्थ.

न्यूयॉर्कविषयी थोडं, कारण ‘गायतोंडे म्हणजे भारतातले रॉथको’ हे वाक्य कुणीतरी तुमच्या तोंडावर टाकेलच. रॉथको म्हणजे मोठमोठ्या रंगपटांचे अमेरिकन अमूर्त चित्रकार. १९६३ साली अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज भारतात आले होते, त्यांनी गायतोंडे यांचं काम पाहिलं आणि न्यूयॉर्कमधल्या एका गॅलरीवाल्याला पत्र लिहून तोंड भरून स्तुती केली. १९६४ साली जॉन डी. रॉकफेलर तृतीय फंडाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते तिकडे गेले, चेल्सी हॉटेलात राहिले, मार्क रॉथको यांच्या स्टुडिओतही जाऊन आले. पण तारखा नीट लावा. अमूर्ताकडे ते त्याआधीच वळले होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं जे चित्र आहे ते १९६२चं, म्हणजे जाण्याआधीचं. रॉथको यांच्याकडून घेतलं असेल तर ते धाडस, तेवढंच.

आणि दोघांचा पृष्ठभाग शेजारी ठेवून बघितला तर नातं दूरचंच ठरतं. रॉथको ब्रशने, अतिशय पातळ रंगात धूसर कडांचे आयत रचतात. रंग कापडात भिजल्यासारखा वाटतो आणि कॅनव्हास तुम्हाला गिळून टाकेल इतका मोठा. गायतोंडे यांच्याकडे आयत नाहीत. रंग भिजत नाही, तो साचतो आणि खरवडला जातो. त्यात दगडाचा, शेवाळाचा, जुन्या भिंतीचा पोत येतो. आणि माप माणसाचं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी उभा कॅनव्हास धरला तो जवळजवळ कायमचा. चाळीस इंच रुंदी म्हणजे उभ्या जागी, पाय न हलवता, हात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहज जातो. रोलर एका दमात आडवा फिरवता येतो, मध्ये उचलावा लागत नाही. हे माप त्यांनी हातासाठी निवडलं असं मी धरून चालतो. रोलरने काम करणाऱ्या कुणालाही ते लगेच पटेल.

१९७१ साली पद्मश्री मिळाली. १९७२ साली ते मुंबई सोडून दिल्लीला गेले. निजामुद्दीन ईस्टमध्ये एक बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, तिथेच राहणं आणि तिथेच काम. माणसं मोजकी, राम कुमार यांच्यासारखे थोडे चित्रकार मित्र. संगीत, वाचन, सिनेमा यांची आवड जबर. लग्न केलं नाही. दिल्लीच्या या वर्षांत रंग पेटले. मुंबईचे करडे, निळे, शेवाळी जाऊन केशरी, तांबडा, तप्त पिवळा आला, आणि त्यावर त्या फाटक्या खुणांच्या ओळी. माझ्या मते सत्तरच्या दशकातलं काम हे त्यांचं सर्वोत्तम. काहींना साठचं दशक जास्त भावतं, कारण तिथे अजून निसर्गाचा धागा हाताशी लागतो. मला उलट तो धागा सुटलेलाच बरा वाटतो.

१९८४ साली दिल्लीत रस्त्यावर अपघात झाला, मानेला जबर इजा झाली. उभं राहून सहा फुटी कॅनव्हासवर रोलर दाबणं म्हणजे खांद्याचं आणि पाठीचं काम, ते जमेना. पुढची काही वर्षं मोठी तैलचित्रं थांबली. या काळात कागदावरची शाईची कामं झाली, काळ्या रंगाच्या खुणा आणि भरपूर कोरी जागा. ही लोक फारशी बघत नाहीत आणि मला ते खटकतं. तैलरंगातला उजेड नाही, थर नाहीत, झाकायला काही नाही, नुसती मांडणी. इथे समजतं की रंगाची जादू काढून घेतली तरी हा माणूस कागदावर जागा किती अचूक तोलत होता. गायतोंडे शिकायचे असतील तर विद्यार्थ्यांनी इथून सुरुवात करावी, असं मी सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. नव्वदच्या दशकातली चित्रं संख्येने थोडी, खुणा कमी, पट अधिक मोकळा. १० ऑगस्ट २००१ रोजी गुडगावला त्यांचं निधन झालं. वर्तमानपत्रांत तेव्हा फार काही आलं नाही.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेल. २०१४च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, पुढच्या वर्षी ते व्हेनिसला गेलं. २०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात १९७९ सालचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, २०१५ साली १९९५ सालचं एक २९.३ कोटींना, २०२१ साली १९६१चं जवळपास ४० कोटींना. हे आकडे सांगितले की समोरचा माणूस चित्राकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघतो, म्हणून एरवी मी टाळतो.

किमतीचा एक दुष्परिणाम मात्र सांगायला हवा: बनावट चित्रं. अमूर्त चित्रांवर गायतोंडे सहसा समोरच्या बाजूला सही करत नसत. मागे, कॅनव्हासच्या पाठीवर नाव आणि साल असायचं, अनेकदा देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत. ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाल्याने नकला करणारेही पाठीवर दोन लिप्यांत सही ठोकतात. सहीची नक्कल सोपी. अवघड आहे ती पृष्ठभागाची. बनावट चित्रात थर नसतात, थरांचा आभास असतो. एकाच बैठकीत ओल्यावर ओला रंग घालून, स्पंजने टिपून तसा पोत आणलेला असतो. खरवडलेल्या जागी खालचा रंग वेगळा, स्वच्छ दिसायला हवा, तिथे मळकट मिश्रण दिसतं. स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर, दुमडलेली कड उघडी असेल तर तिथे थरांचा क्रम वाचता येतो, कारण प्रत्येक थर कडेला जरा वेगळ्या जागी थांबलेला असतो. जाणकार आधी तिकडे बघतो.

अध्यात्माचं काय, हे राहिलं. गायतोंडे यांना झेनची ओढ होती, रमण महर्षी वाचत, आणि खेतवाडीत बिडीचं दुकान चालवून मराठीत निरूपण करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. हे सगळं खरं आहे. पण निसर्गदत्तांचं निरूपण वाचून चित्रात ते शोधत बसू नका, सापडणार नाही. त्या वाचनाने त्यांना बहुधा एवढं दिलं की न घाई करता, न बोलता, कुणाला काही सिद्ध न करता रिकाम्या कॅनव्हाससमोर बसता यावं. तो त्यांचा खासगी मामला. प्रेक्षकाला त्याची दीक्षा घ्यावी लागत नाही. आपल्या चित्रांना ते ‘अमूर्त’ म्हणवून घ्यायलाही राजी नव्हते आणि बहुतेक चित्रांना नावंही दिली नाहीत, म्हणजे अर्थाचं कुठलंही बोट त्यांनी आपल्या हातात ठेवलेलं नाही. जे आहे ते त्या सव्वातीन फुटांत.

तर प्रत्यक्ष बघा. मुंबईत काळा घोड्याजवळ नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. तिच्या समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आहेत, होमी भाभांनी त्या काळच्या चित्रकारांची कामं आवर्जून घेतली होती, पण तिथे आधी परवानगी काढावी लागते. दिल्लीत जयपूर हाउसमधली नॅशनल गॅलरी आणि किरण नाडर संग्रहालय. सगळीकडे चित्रं बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून गायतोंडे सध्या भिंतीवर आहेत का एवढं विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. गर्दीच्या दिवशी नको, आठवड्याच्या मधल्या दुपारी जा.

समोर गेल्यावर आधी आठ-दहा फुटांवर उभे राहा आणि उजेड कुठून येतोय ते शोधा. वरून, मधून की एखाद्या कोपऱ्यातून. मग दोरीपर्यंत जवळ जा आणि एकाच वीतभर जागेवर नजर ठेवा: वरचा रंग कुठला, त्यातून कुठला डोकावतोय, त्याच्याही खाली काय आहे. रोलर जिथे थांबला तिथे त्याच्या कडेची बारीक उभी रेघ राहते, ती सापडते का बघा. मग भिंतीच्या कडेला सरकून चित्र तिरकं बघा. समोरून सपाट वाटलेला पट तिरक्या उजेडात उंचसखल दिसतो, कागदाच्या कपट्यांच्या कडा वर येतात, तकतकीत आणि मंद भाग वेगळे होतात. चित्र काचेमागे असेल तर समोरून तुमचंच तोंड दिसेल, तेव्हा तर तिरकंच बघा. आणि पहारेकऱ्याने हटकलं तर हात मागे बांधून उभे राहा, मग तो काही बोलत नाही.